साडेचारशे वॅट

माणसांत असते तशी वस्तूंतही प्रतिष्ठेची एक उतरंड असते. घरी पाहुणा आला म्हणजे आपण त्याला नवे कपाट दाखवतो, भिंतीएवढा टीव्ही दाखवतो, फारच जवळचा असला तर गच्चीवर नेऊन कन्हान नदीही दाखवतो. पण ‘या, आमच्या टाकीतला बॉलकॉक पाहा, काय सुरेख उघडझाप करतो!’ असे म्हणणारा यजमान निदान खाप्यात तरी माझ्या पाहण्यात नाही. गच्चीवरून धबधबा सुरू झाला, की मगच त्या बिचाऱ्याची आठवण होते, आणि तीही शिव्या घालण्यापुरती.

संगणकाच्या पेटीतही हीच रीत आहे. पोरे खेळण्यासाठी जो संगणक जुळवतात त्याच्या पेटीला हल्ली एका बाजूने काच असते. त्या काचेआड ग्राफिक्स कार्ड नवरदेवासारखे मिरवत असते आणि पंखे रंगीत दिवे लावून वरातीत नाचत असतात. आणि खाली, बहुधा एखाद्या पत्र्याच्या आडोशाला, एक काळा डबा तोंड लपवून बसलेला असतो. बाजारात त्याला सगळे ‘एसएमपीएस’ म्हणतात. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घ्यायची, तिला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सरळ व शांत करायची आणि ज्याला जेवढी हवी तेवढी वाटून द्यायची, एवढेच त्याचे काम. पंगतीतल्या वाढप्यासारखे म्हणा ना! जेवणारे आचाऱ्याला नावाजतात, यजमानाला आशीर्वाद देतात. वाढप्याकडे कोणी पाहत नाही. पण त्याचा हात थरथरला तर कढत वरण कोणाच्या अंगावर सांडेल याचा नेम नसतो.

माझ्या पुतण्याने असा एक संगणक केला. ‘घेतला’ असे न म्हणता ‘केला’ असे मुद्दाम म्हणतो, कारण घेण्याइतके पैसे एका वेळी त्याच्या खिशात कधीच नव्हते. संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने दीड वर्ष पैसा पैसा साठवला. आधी प्रोसेसर आणि बोर्ड आले, मग मेमरी, मग कोणाचा तरी जुना मॉनिटर, आणि सरतेशेवटी एकवीस हजारांचे ते ग्राफिक्स कार्ड. ते घरी आले त्या दिवशी वहिनींनी त्याला हळदकुंकू लावू का असे विचारले होते. पोराने घाबरून नको म्हटले. कुंकू पंख्यात जाईल ही त्याला भीती! एवढे सगळे झाल्यावर डब्यासाठी पैसेच उरले नाहीत. पेटीबरोबर एक डबा फुकट आला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० असे लिहिले होते, तोच बसवला. फुकट आलेल्या गोष्टीला कोण नाव ठेवतो?

कार्ड येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. जूनमधली एक संध्याकाळ. पाऊस नुसता गुरगुरत होता, बरसायचे नाव नव्हते. डोक्यावरचा पंखा मधूनच दमल्यासारखा मंदावत होता. पुतण्या खेळात रंगलेला असताना पेटीतून ‘फट्’ असा आवाज आला, पडदा काळा झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला. मी शेजारच्याच घरात राहतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे, घरात काहीही जळाले की मला बोलावणे येते. गेलो तो पोरगा पेटीसमोर मांडी घालून बसलेला. डब्याचे त्याला काहीच नव्हते. त्याने एकच विचारले,

“काका, कार्ड तं नाही ना गेलं?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. वाईट डबा मरतो तेव्हा पुष्कळदा एकटा मरत नाही. जाता जाता बोर्ड, कार्ड, जे हाताला लागेल ते सोबत घेऊन जातो. आणि ते कार्ड लावून पाहता येईल असा दुसरा संगणक आमच्या ओळखीत कोणाकडे नव्हता. नवा डबा येईपर्यंत एकवीस हजार रुपये जिवंत आहेत की मेले, हे कळायला मार्ग नव्हता.

घरात लगेच दोन पक्ष झाले. आमचे दादा, म्हणजे पुतण्याचे वडील, यांचे म्हणणे सरळ होते. गावातला दुरुस्तीवाला तीनशे रुपयांत डबा उघडून एखादा कपॅसिटर बदलून देतो. नाहीतर नवा साडेसातशेला मिळतो. फुकट आलेल्या वस्तूच्या जागी साडेसातशे घालणेच त्यांना जड जात होते. त्या यंत्राला ते मुळात संगणक म्हणतच नसत, ‘खेळणं’ म्हणत, आणि त्यावरून बापलेकांत आधीच जरा अबोला होता. उलट पोराचे डोळे एकदम ७५० वॅटच्या सोनेरी शिक्क्याच्या डब्याकडे लागले होते. किंमत नऊ हजार! दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो हे खरे, पण हा ताकासाठी बर्फाचा कारखाना काढायला निघाला होता.

दुरुस्तीचा मार्ग मी पहिल्यांदा बंद केला. या डब्याच्या आत जे मोठे कपॅसिटर असतात त्यांत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज साठलेली असते, आणि पिन काढल्यावरही ती लगेच जात नाही. ज्याला हे माहीत नाही त्याने तो उघडू नये, आणि ज्याला माहीत आहे तो सहसा उघडत नाही. जाड प्लगमधली हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरतो का ते पाहण्याची एक युक्ती पोरांना ठाऊक असते. पण पंखा फिरला म्हणजे डबा धडधाकट असे नव्हे. नाडी लागली म्हणून कोणी पैलवान ठरत नाही.

मग मी मेलेला डबा बाहेर काढून त्याच्या अंगावरचा कागद वाचायला घेतला. वाचकहो, औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर आपण वाचत नाही, करारनाम्यातले वाचत नाही, आणि डब्यावरचे तर मुळीच नाही. पण सगळी मेख तिथेच असते. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खवय्ये जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. म्हणून पाहायचे ते एवढेच, की त्या वाटेने किती अँपिअर मिळतात. आमच्या डब्यावर लिहिले होते १६. बारा सोळे एकशे ब्याण्णव. झाले! बाकीची वीज ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाटांवर दाखवली होती. संगणकाचा प्रोसेसर पाच व्होल्टच्या वाटेवर जगत असे त्या काळाची ही वाटणी. २००० साली पेंटियम फोरच्या वेळेपासून सारा भार हळूहळू बारावर आला, पण स्वस्त डब्यांना अजून त्याची बातमी नाही. बरे, त्याही वाटा धरून सगळ्यांची बेरीज केली, तर ती ३८४ भरली.

“मंग हे साडेचारशे कायचे?” दादांनी विचारले.

“ते त्याचं नाव आहे, दादा. मॉडेलचा नंबर.”

“म्हणजे नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा,” वहिनी दारातून म्हणाल्या, आणि त्या एका वाक्यात माझा अर्ध्या तासाचा धडा संपला.

आता गरज किती, तेही मांडले. पुतण्याचा प्रोसेसर आय-३ १२१००एफ. तो जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो. कार्ड आरएक्स ६६००, त्याचे १३२. बोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांना सैल हाताने ५० धरा. एकूण २७१. म्हणजे खरा ४५० वॅटचा डबा या बिऱ्हाडाला पोटभर पुरून उरतो, आणि कार्ड बनवणारी कंपनीही या कार्डासाठी तेवढाच सांगते. नऊ हजारांच्या ७५० वॅटची गरज नाही हे पोराला पटले, पण एका अटीवर. “काका, खरा म्हणजे कोणता?” त्याने विचारले. प्रश्न बिनतोड होता.

दादा इतका वेळ तो मेलेला डबा हातात घेऊन त्याच्या तारा बोटांनी चाचपत होते. लहानपणी ते आजोबांच्या मागावर बसलेले. खाप्याच्या हातमागांची ती शेवटची पिढी म्हणायला हरकत नाही. पुढे दादांनी दुसरी नोकरी केली, पण बोटांची सवय गेली नाही. एकाएकी ते म्हणाले, “तारा पाह्य किती बारीक हायेत. बाबा म्हणत, लुगड्यात लोकाइले बाणा दिसते, पण ताण सारा ताण्यावर येते. ताणा कच्चा असला तं रेशमाचा बाणा घालून का उपयोग?” आणि मग पोराकडे न पाहता, “एकवीस हजाराचा बाणा घातला ना तू?”

अबोल्यानंतर बापाने लेकाशी बोललेले ते पहिले वाक्य. पोराने खाली मान घातली, पण मला वाटते तो रागावला नव्हता.

खरा कोणता हे ठरवताना मला पुण्यामुंबईच्या माणसाहून वेगळा विचार करावा लागला, आणि तो आमच्या गावाने करायला लावला. पहिली गोष्ट ऊन. डब्याची ताकद कोणत्या तापमानाला मोजली आहे, हे चांगल्या कंपन्या लिहून देतात. कोणी २५ अंशांना मोजतो, कोणी ४० ला, आणि खरे दमदार ५० ला. २५ अंशांना ४५० वॅट देणारा डबा मे महिन्यात आमच्याकडे काय देईल? बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, खोलीत कूलरची हवा, आणि पेटीच्या आत याहून दहा अंश जास्त! ज्याने थंड खोलीत परीक्षा दिली त्याला विदर्भाच्या उन्हात उभे केले तर घेरी येणारच. तेव्हा ४० अंशांखाली मोजलेला डबा घ्यायचा नाही, हे मी कागदावर लिहून ठेवले.

दुसरी गोष्ट वीज. खाप्याहून नागपूरला जाताना वाटेत कोराडी लागते. तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. तिथून जवळच खापरखेड्याला २१० मेगावॅटचे चार आणि ५०० चा एक. अर्ध्या महाराष्ट्राचे दिवे ज्यावर लागतात ती धुराडी आमच्या उशाशी, राखही आमच्याच वाट्याला, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी आमच्याच बल्बचा तांबडा काजवा होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. याला कोणाचा दुष्टावा कारण नाही. वीज आधी उंच मनोऱ्यांवरून दूर जाते, मग उपकेंद्रांतून उतरत उतरत परत येते, आणि तारेच्या शेवटच्या टोकाला मोटारी अन् कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली बसते. आता गंमत अशी की, संगणक काही कमी व्होल्टेज पाहून कमी खात नाही. २३० व्होल्टवर जो डबा एक अँपिअर ओढतो, तोच १८० वर सव्वाहून जास्त ओढतो आणि त्या मानाने जास्त तापतो. म्हणून डब्यावर ‘२०० ते २४०’ असे लिहिले आहे की ‘१०० ते २४०’, हा आमच्यासाठी शोभेचा आकडा नाही. १०० ते २४० वाल्यांत सहसा एक अधिकचे सर्किट असते, ते ही चढउतार सोसते. मात्र असे डबे चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर कधी कधी रुसून बंद पडतात. दादांकडे इन्व्हर्टरच नाही. तेव्हा ती काळजी आपोआप मिटली. गरिबीचेही काही फायदे असतात.

शिक्क्यांबद्दलही पोराचे जरा समज होते. ‘८० प्लस’ हा शिक्का २००४ पासून आहे. डब्यावर एक पंचमांश, निम्मा आणि पूर्ण भार टाकला असता तिन्ही वेळा भिंतीतून घेतलेल्या विजेतली निदान ऐंशी टक्के तो पुढे पोचवतो, बाकीची उष्णतेत घालवतो, असा त्याचा मूळ अर्थ. ब्राँझ, सोनेरी वगैरे याच्या पुढच्या पायऱ्या. पण शिक्का काटकसरीचा आहे, शीलाचा नव्हे. कमी खाणारा नोकर प्रामाणिक असतोच असे नाही. तरी काटकसर कमी मोलाची नव्हे. संगणकाला २५० वॅट हवे असतील तर सत्तर टक्क्यांचा डबा भिंतीतून ३५७ ओढतो आणि पंच्याऐंशीचा २९४. फरक ६३ वॅटचा. रोज चार तास धरले तर वर्षाला नव्वदएक युनिट. मी हे दादांना सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच त्या खेळण्याविषयी खरी आस्था दिसली.

एका शनिवारी आम्ही तिघे बर्डीवर गेलो. हो, तिघे, दादाही निघाले, ‘मले दवाखान्यात काम हाय’ असे सांगून. दवाखान्यात ते गेलेच नाहीत. पहिल्या दुकानदाराने आकडे विचारताच, “साहेब, सगळे हेच नेतात, कंप्लेंट नाही,” असे म्हणून साडेसातशेचाच डबा पुढे केला. दादांनी तो एका हाताने उचलला, लगेच खाली ठेवला आणि बाहेर चालू लागले. “टरबूज तरी याच्याहून जड असते,” रस्त्यावर आल्यावर म्हणाले. वजन हे काही शास्त्र नव्हे. आत लोखंडाचा तुकडा टाकूनही डबा जड करता येतो. पण ज्याच्यात तांबे, फेराइट आणि उष्णता वाहून नेणारे ॲल्युमिनियम पुरेसे आहे तो डबा पिसासारखा हलका असू शकत नाही, हेही तितकेच खरे.

तिसऱ्या दुकानात काम झाले. ४५० वॅट, ब्राँझ शिक्का, १०० ते २४० व्होल्ट, १२ व्होल्टवर ३६ अँपिअर, म्हणजे त्या एकाच वाटेवर ४३२ वॅट. ४० अंशांना मोजलेला. भार जास्त झाला, व्होल्टेज चढले किंवा कुठे तारेला तार चिकटली तर स्वतः बंद पडायची सोय. असा डबा गेलाच तर बहुधा एकटा जातो. पाच वर्षांची हमी, पक्के बिल. किंमत चौतीसशे. पुतण्याजवळ चोवीसशे होते. मी खिशात हात घालणार तोच दादांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून काचेवर ठेवल्या आणि दुकानदाराला म्हणाले, “बिल पोराच्या नावानं करा जी.”

रात्री डबा बसवला. जुन्या डब्याची एकही तार नव्यात वापरायची नाही, एवढे मी बजावले होते. बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळाच! दहा सेकंद असतील, पण आमच्या चौघांचे श्वास थांबले होते. मग उजेड आला. पोराने खेळ लावला, कार्डाचे दोन्ही पंखे हळूच फिरू लागले, आणि तो ओरडला नाही, काही नाही. नुसता आईकडे पाहून हसला. बारा व्होल्टची वाट खेळ चालू असताना किती भरते हे मी मीटर लावून मोजले. ११.४ ते १२.६ च्या आत असावी असा दंडक आहे, ती १२.०६ होती.

वहिनी तेवढ्यात पेटीवर पडलेला स्क्रू उचलायला गेल्या आणि चटकन हात मागे घेऊन म्हणाल्या, “अगं बाई, झिणझिण्या आल्या.” नव्या डब्यात दोष नव्हता. या डब्यांत विजेचा खरखराट जमिनीत सोडण्यासाठी दोन लहान कपॅसिटर पेटीला जोडलेले असतात. भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला खरोखरच जमीन जोडलेली असेल तर तो तिकडे निघून जातो, नसेल तर पेटीवर बसून राहतो आणि जो हात लावेल त्याला चिमटा काढतो. दादांच्या घराला तिसरे भोक होते, पण त्याच्यामागे भिंतीखेरीज काही नव्हते. इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. असे घर खाप्यात एकच असेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. अंगणात तुळशीपलीकडे माणूसभर खड्डा खणला, पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी घालायला एक पाइप ठेवला. आता घराचा फ्रिज, वहिनींचे मिक्सर, पाण्याची मोटार सगळीच त्या खड्ड्याला जोडलेली आहेत. उन्हाळ्यात माती कोरडी पडली तर जमीन वीज नीट घेत नाही, म्हणून मधूनमधून त्यात पाणी घालत जा, असे वायरमन सांगून गेला. हे काम कोणी कोणाला सांगितले नाही; पण आंघोळ झाली की दादा अर्धी बादली घेऊन तुळशीला पाणी घालतात, आणि उरलेले पाइपात ओततात.